राहिलेल्या सात प्रदक्षिणा

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला तुमच्या बाबांचं नैरोबीहून निळं पत्र आलं. पत्रात वाईट असं काहीच नव्हतं. सगळे खुशाल होते. निरूचे पुढचे दोन दात पडले होते आणि बाळ भिंतीला धरून चालू लागला होता. फक्त शेवटच्या चार ओळींत लिहिलं होतं, की रेल्वेतली नोकरी आता कायम झाली आहे, तिथेच घर घ्यायचं ठरलं आहे, तेव्हा परत येण्याचा विचार मनातून काढून टाकला आहे. खाली ‘तू काळजी करू नकोस’ असं होतं. मी ते पत्र चार वेळा वाचलं, घडी घातली, तारखेप्रमाणे डब्यात ठेवलं आणि देवासमोर जाऊन बसले. निरांजन लावायचं राहिलं होतं. तसंच अंधाऱ्या देवघरात बसून राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात आलं, की हा समोर बसलेला आपलं काही ऐकतो तरी का?

निरू, बाळ, हे मी तुमच्यासाठी लिहून ठेवते आहे. तुम्ही मोठे झाल्यावर वाचाल. तुमच्या बाबांना यातला अर्धा भाग ठाऊक आहे. उरलेला अर्धा मी कुणालाच सांगितलेला नाही.

तुमचे आजोबा जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी चिंचवडलाच राहिले, नदीपासून थोड्या चढावर, दोन खोल्यांत. गाव तेव्हा लहानच होतं, पण भोवतालचं सगळं बदलायला लागलं होतं. पिंपरीकडे औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला होता, त्याचा भोंगा वाऱ्याची दिशा तशी असेल तर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. स्टेशनवर उतरणारी माणसं नवीन, बोलणी नवीन. माझ्या शाळेतल्या मुली लग्न होऊन पांगल्या होत्या. सकाळी उठून मी दोन कप मांडायची आणि मग एक उचलून ठेवायची. ही सवय सात वर्षांत मोडली नव्हती. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललंच, तर ती देवळापाशी दुर्वा विकणारी सोनाबाई. तेही ‘आज जास्वंद न्हाई बगा’ एवढंच.

त्या पत्रानंतर मी संकल्प केला. एकवीस दिवस, रोज सकाळी नदीकाठच्या देवळात मोरयाला एकवीस प्रदक्षिणा, एकवेळ जेवण, आणि पूर्ण होईपर्यंत सोवळं. कशासाठी, ते भटजींनी विचारलं तेव्हा मी ‘कुटुंबाच्या कल्याणासाठी’ असं सांगितलं. ते खरं नव्हतं. मी मागितलं होतं ते असं: माझ्या मुलाचा विचार फिरव. त्याला तिथे काही जमू देऊ नकोस. त्याला परत आण. तुमच्या सुखाच्या आड येणारं मागणं मी देवाकडे केलं, हे तुम्हाला सांगायला मला फार लाज वाटते. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

मी सगळं नीट मांडून करणारी बाई. परडीत एकवीस दुर्वांच्या जुड्या घेऊन जायची. परडी डाव्या हातात, उजव्या हातानं प्रत्येक फेरीला एक जुडी देवळाच्या कट्ट्यावर ठेवायची, म्हणजे मोजण्यात चूक नको. पहिले नऊ दिवस काहीच झालं नाही. दहाव्या दिवशी आठव्या-नवव्या फेरीला छातीच्या मधोमध काहीतरी दाटून आलं. दुखलं असं म्हणता येणार नाही. कुणीतरी मूठ ठेवून हळूहळू दाबावं, तसं. मी खांबाला टेकून उभी राहिले. दहा आकडे मोजायच्या आत ते गेलं. परतताना घराच्या चढावर पुन्हा तेच. वाटेत उंबराखाली थांबले, पुन्हा गेलं.

घरी येऊन मी कपाटातलं जुनं इंग्रजी घरगुती वैद्यकाचं पुस्तक काढलं. शाळेत असताना मुलींना कुणाला काही झालं तर मी त्याच पुस्तकावर विसंबायची. मागची सूची पाहिली, ‘डिस्पेप्सिया’ काढलं, आणि तिथे सगळं जुळलं. छातीत दाटणं, मळमळ, अस्वस्थपणा, रिकाम्या पोटी राहणाऱ्यांत अधिक. एकवेळ जेवण चालू होतं, वर सकाळचा कोरा चहा. अजीर्ण आणि पित्त, असा मी निकाल दिला आणि पुस्तक मिटलं. जे ठरवून पान उघडलं, तेच तिथे सापडलं. हृदयाचं पान उघडायचं माझ्या मनातही आलं नाही. आमच्या घरात दुखणी पोटाचीच असतात, हे जणू ठरलेलं होतं.

त्याला कारण होतं. तुमचे आजोबा एका लग्नाहून परत आले, त्यांना छातीत अस्वस्थ वाटायला लागलं. मी ओव्याचा अर्क दिला, बेंबीवर हिंग लावला, गरम पाण्याची पिशवी दिली आणि म्हटलं, पडा जरा, उतरेल. ते पडले, आणि उठले नाहीत. लग्नातल्या पंगतीत त्यांनी आग्रहाला बळी पडून जिलब्या खाल्ल्या होत्या. तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. दहाव्याला जमलेल्या नातेवाइकांत कुणीतरी हळूच म्हणालं, ‘शेवटी जिलबीनं घात केला.’ पुढे ते वाक्यच आमच्या घराण्यात रूढ झालं. कुठल्याही पंगतीत कुणी जरा जास्त वाढून घेतलं, की ते म्हटलं जायचं, आणि माझ्यासमोरही म्हटलं जायचं. तुमचे आजोबा मोजून जेवणारे होते. पण एका दिवसाच्या चार जिलब्यांनी त्यांच्या सगळ्या आयुष्यावर खादाडपणाचा शिक्का बसला, आणि मीही त्याला कधी विरोध केला नाही.

अकराव्या दिवसापासून मी कमरेला ओवा-सैंधवाची डबी खोचून जाऊ लागले. सोनाबाईनं माझं थांबणं पाहिलं होतं. ती म्हणाली, “वारं धरलंय आजी. वव्यासंगं जरा सुंठ बी घ्या.” गुरवांनी सांगितलं, उपासानं पित्त उसळतं, थंड दूध घ्या. मी दोन्ही घेतलं. दोन्हीनं काही झालं नाही, पण थोडं थांबलं की दुखणं आपोआप जायचं आणि त्याचं श्रेय ओव्याला मिळायचं. पंधराव्या दिवसापासून डावा हात कोपरापर्यंत जड व्हायला लागला. तो परडी धरून अवघडतो, असं मी समजले. सोळाव्या दिवशी खालचा जबडा ठणकला, दाढ दुखावी तसा. माझी ती दाढ चार वर्षांपूर्वीच काढलेली होती, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही. प्रत्येक दुखण्याला मी वेगळं कारण दिलं. सगळी एकाच दुखण्याची आहेत, एकदम येतात आणि एकदम जातात, हे काही मला दिसलं नाही.

खरं सांगायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात मला ते दुखणं बरंही वाटत होतं. देव आपली परीक्षा पाहतो आहे, म्हणजे आपलं मागणं त्याच्यापर्यंत पोचलं आहे, असं मी धरून चालले होते.

सतराव्या दिवशी थंडी खूप होती. ऊन आलं होतं, पण फरशी पायाला बोचत होती. चौथ्या फेरीलाच छाती दाटली. थांबले, ओवा चघळला, पुन्हा चालले. दहाव्या फेरीनंतर थांबूनही ते पूर्ण जाईना. बाराव्याला घाम आला, एवढ्या थंडीत मानेवरून पाठीवर धारा. तेराव्याला मळमळलं. चौदावी जुडी कशीबशी कट्ट्यावर ठेवली. तोंडावर पाणी मारावं म्हणून मी बाहेर आले आणि घाटाच्या वरच्या पायरीवर बसले. मूठ आता दाबत नव्हती, पिळत होती.

खाली नदीवर एक टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता. त्याला मी स्टेशनवर पाहिलेलं होतं, पण कधी बोलले नव्हते. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर. नंतर कळलं की सकाळी तो पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाला देवदर्शनाला घेऊन आला होता. ते लोक घासाघीस करून दुसऱ्या गाडीनं निघून गेले, म्हणून त्यानं चिडून घोडा सोडला आणि पाण्यावर आणला. एरवी त्या वेळी तो स्टेशनवर लोकलची वाट पाहत उभा असतो.

तो वर आला, माझ्याकडे पाहून थबकला.

“बाई, तोंड पार राखंवानी झालंय तुमचं.”

“पित्त आहे,” मी म्हटलं. “होईल कमी.”

“जेवल्यावर दुखतंय का चालल्यावर?”

मी शाळेतल्या आवाजात म्हणाले, “तुला काय करायचंय?”

“सांगा की. जेवल्यावर, का चालल्यावर?”

तीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले. पण इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गेले आठ दिवस डोळ्यांपुढून सरकले. दुपारी जेवल्यावर एकदाही नाही. जेवून आडवी झाल्यावर एकदाही नाही. दर वेळी चढावर, दर वेळी प्रदक्षिणेत.

“चालल्यावर,” मी म्हणाले.

“थांबलं की जातंय?”

“जायचं. आज जात नाही.”

“ढेकर आल्यावर मोकळं वाटतंय?”

“नाही.”

“आन् हात?”

“परडीनं भरून आलाय.”

त्यानं खाली वाकून माझी परडी दोन बोटांनी उचलली आणि तोलून पाहिली. “ह्यात हाय काय? चार फुलं न् मूठभर दुर्वा. ह्यानं हात भरून येतोय व्हय?” मग परडी खाली ठेवून म्हणाला, “उठू नका. टांगा हितं आनतो. डाक्टरसाहेब आत्ता दवाखान्यात गावत्याल.”

“मला जाता येणार नाही. सात राहिल्यात.”

“काय सात?”

“प्रदक्षिणा. एकवीस व्हायच्यात.”

तोवर सोनाबाई आपली टोपली सोडून आली होती. “अरं, संकल्प हाय त्यांचा! मधीच उठवू नगंस. पाप लागंल तुला.”

“सोनाबाई, तू दुर्वा इक.”

“आन् तू कवापास्नं डाक्टर झालास रं? कालपत्तुर घोड्याच्या शेपटीमागं बसत हुतास!”

“डाक्टरसाहेबांना व्हिजिटला मीच नेतो. दारात बसून बसून दगडबी शिकंल.” मग तो माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, मला तुमचं सोवळंवोवळं कळत न्हाई. पन तुमचा देव हितंच बसल्याला हाय, कुठं जात न्हाई. सात फेऱ्या त्यो धरून ठेवंल. ही दुखनी थांबत न्हाईत.”

मी मागे वळून पाहिलं. पायरीवरून गाभारा दिसत नाही, नुसता दाराचा अंधार दिसतो. सतरा दिवस मी त्या अंधाराभोवती फिरून एकच मागणं घोकत होते. आता छातीत पिळा बसलेला, संकल्प तुटायला आलेला, आणि जवळचं म्हणावं असं माणूस समुद्रापलीकडे. मी मनात म्हटलं, ठीक आहे, तुझी मर्जी. ते भक्तीनं म्हटलेलं नव्हतं, रागानंच म्हटलेलं होतं. तरी मला आज वाटतं, की त्या सतरा दिवसांत मी त्याच्याशी खरं बोलले ते एवढंच.

टांगा पायरीपाशी लागला. मला वाटलं, चार पावलं चालावीत. त्यानं तीही चालू दिली नाहीत. त्यानं एका बाजूनं आणि सोनाबाईनं दुसऱ्या बाजूनं मला उचलून वर बसवलं. मी सोवळ्यात होते. प्राण कंठाशी आलेले असताना मनात पहिला विचार आला तो विटाळाचा. इंग्रजी शिकलेली, मुलींना समतेचे धडे देणारी मी! हेही तुमच्यापासून लपवून ठेवू नये असं वाटलं. सोनाबाई पाठीला हात लावून माझ्याशेजारी बसली. कासमभाई (हे नाव तिच्या तोंडून मला तेव्हा कळलं) घोड्याला चाबूक न लावता, ‘हळू राजा, हळू, खड्डा चुकव’ असं बोलत स्टेशनकडे निघाले.

डॉक्टर तरुण होते, दोनच वर्षांपूर्वी दवाखाना टाकलेला. त्यांनी नाडी धरली, छातीला नळी लावली, जिभेखाली एक गोळी ठेवली आणि इंजेक्शन दिलं. पिळा सैल झाला तेव्हा मी त्यांना क्रमानं सगळं सांगितलं. ओवा, सैंधव, सुंठ, थंड दूध. ते ऐकून म्हणाले, “औषधं सगळी बरोबर आहेत, आजी. दुखणं तेवढं चुकलं.” मग त्यांनी मोटारीची सोय केली आणि मला पुण्याला नेलं. तिथे कागदाच्या पट्टीवर हृदयाचा आलेख काढला. हृदयाच्या स्नायूच्या एका भागाला रक्त न मिळाल्यानं इजा झाली होती. परतताना मी डॉक्टरांना विचारलं, की मी राहिलेल्या सात फेऱ्या घातल्या असत्या तर? त्यांनी माझं पांघरूण नीट केलं.

सहा आठवडे अंथरुणातून उठायचं नाही, अशी आज्ञा होती. त्या काळात डॉक्टर आले की मी त्यांना प्रश्न विचारायची. ते मला जे सांगत, ते मी वहीत लिहून घेतलं आहे, पण तुमच्यासाठी माझ्या शब्दांत सांगते. पोट आणि हृदय इतके शेजारी-शेजारी राहतात, की एकाच्या घरातला आवाज दुसऱ्याच्या घरातून आल्यासारखा वाटतो. पोटाचं दुखणं बहुतेक जेवणाशी बांधलेलं असतं. ते जळजळतं, आंबट पाणी वर आणतं, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढतं, ढेकर आला की हलकं होतं. हृदयाचं दुखणं श्रमाशी बांधलेलं असतं. चढ, जिना, थंड वारा, धावपळ, मनाचा धक्का. ते जळत नाही, दाबतं. ते एका बोटानं दाखवता येत नाही, माणूस सबंध तळहात छातीवर ठेवतो. तिथून ते हाताकडे, गळ्याकडे, जबड्याकडे, कधी पाठीकडे सरकतं. सुरुवातीला थांबलं की थांबतं. पुढे पुढे बसल्या जागीही येतं, आणि कारण नसताना गार घाम फुटला, दम लागला, तर एक मिनिटही घालवायचं नाही. बायकांना तर कधी कधी नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा एवढंच होतं, म्हणून त्यांची दुखणी फार वेळ स्वयंपाकघरात अडकून पडतात. “आणि हेही लक्षात ठेवा,” डॉक्टर म्हणाले, “पुष्कळ वेळा आम्हालाही नुसतं पाहून सांगता येत नाही. शंका असेल तर हृदयच समजायचं आणि धावायचं. पोट निघालं तर आनंदानं घरी यायचं. त्यात कसली लाज?”

एका दुपारी मी त्यांना तुमच्या आजोबांचं सांगितलं. लग्न, जिलब्या, ओवा, हिंग, सगळं. ते लग्नघरातून कसे आले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालत. सामानाची पेटी स्वतः उचलून, कारण टांगा मिळाला नाही. घाम आला होता का? मी सदरा बदलायला दिला होता, ओला झाला म्हणून. डावा हात? तो ते सारखे चोळत होते. पेटीनं अवघडला, असं मीच म्हणाले होते.

डॉक्टरांनी नळी बॅगेत ठेवली. मग म्हणाले, “खात्रीनं कोण सांगणार? पण मला नाही वाटत जिलबीचा काही दोष होता.”

ते गेल्यावर मी खूप रडले. सात वर्षं मी ज्या माणसाबद्दलचा टोमणा खाली मान घालून ऐकत होते, त्याचा काहीच अपराध नव्हता. आणि माझा? मी त्यांना पडा म्हणाले होते. पण मलाही कुणी तो एक प्रश्न विचारला नव्हता. ज्या चुकीनं त्यांना नेलं, तीच चूक मी स्वतःच्या देहावर अक्षरशः तशीच्या तशी केली, आणि मी मात्र वाचले. का वाचले? पुण्याच्या त्या कुटुंबानं टांग्याच्या भाड्यावरून भांडण केलं म्हणून? घोड्याला तहान लागली म्हणून? कुणी याला योगायोग म्हणावं, मी वाद घालणार नाही. माझ्यापुरतं मी मोरयाचं नाव घेते.

त्या सहा आठवड्यांत मला देवाचं काहीच करता आलं नाही. दिवासुद्धा सकाळ-संध्याकाळ माझं करायला येणारी सोनाबाई लावायची, आणि तिला वात किती पुढे काढायची ते कळायचं नाही, त्यामुळे समई रोज भडकायची. मी पडल्या पडल्या चिडायची. कासमभाई रोज सकाळी दारातून ओरडायचे, “बाई, ढेकर आला का?” सोनाबाई आतून उत्तर द्यायची, “आला, तुज्या नावाचा!” त्यांच्या त्या ओरडण्याची मी पहाटेपासून वाट पाहायची. पण बाकीचा दिवस लांब असायचा. छताकडे पाहत मी हिशेब मांडायची, की सोळा दिवस पूर्ण आणि सतराव्याच्या चौदा, हे देव धरेल की नाही. बरी झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून करावं की पुढे चालू ठेवावं. असे किती दिवस गेले. एका दुपारी मात्र लक्षात आलं, की हिशेब मी फेऱ्यांचा मांडते आहे, आणि ज्यासाठी फेऱ्या घातल्या ते मागणं तोंडावर येतच नाही. ते कधी गळून पडलं, मला कळलंही नाही.

सहावा आठवडा संपल्यावर मी तुमच्या बाबांना पत्र लिहिलं. दुखण्याचं सगळं लिहिलं, संकल्पाचं लिहिलं नाही. त्यांच्या वडिलांचं खरं कारण लिहिलं, आणि विचारलं, की मागे एका पत्रात तू म्हणाला होतास छातीत जळजळतं म्हणून, ते जेवल्यावर की चालल्यावर? नीट आठवून सांग. घर घेतलंस ते चांगलं केलंस, असंही लिहिलं. ते लिहिताना हात थांबला, पण मी लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. जळजळ जेवल्यावरच होती. तरी तिथल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी हृदय ठीक आहे म्हणून सांगितलं आणि मिरची कमी करायला लावली. तुम्ही मुलांनी कागदाच्या कोपऱ्यात वेड्यावाकड्या रेघा काढल्या होत्या. परत येण्याबद्दल त्यात काही नव्हतं. मी ते पत्र तारखेप्रमाणे डब्यात ठेवलं.

याला आता दोन वर्षं झाली. चढ चढायची मला बंदी आहे, प्रदक्षिणेचीही. चतुर्थीला कासमभाई टांग्यातून नेतात, मी एकच नमस्कार करते आणि कट्ट्यावर बसते. घर अजून रिकामंच आहे. संध्याकाळ अजून लांबच जाते. देवानं ते काही बदललं नाही, आणि मी त्याला बदल म्हणून सांगत नाही. देवाला काय द्यायचं ते ठाऊक असतं, आणि आपण मात्र त्याच्या हाताकडे न पाहता आपल्याच यादीकडे पाहत बसतो, एवढं मी या वयात शिकले. बायकांची गर्दी ओसरली की मी त्याच्याशी थोडं बोलते. तुमच्या गावाचं नाव घेते, तुमची नावं घेते. तिथे मी नसेन, तुमच्या भाषेचं माणूसही कदाचित नसेल. पण कधी तुमच्यापैकी कुणी रस्त्यात छातीवर तळहात ठेवून उभं राहिलं, तर कुणीतरी परका माणूस आपलं काम सोडून थांबो, आणि तुम्ही ‘तुला काय करायचंय’ म्हणालात तरी पुन्हा विचारो.